फौजींना गाण्यांच्या अ‍ॅपवर खरंच सूट मिळते का?

पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या घरात आजी किंवा माजी सैनिक आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. म्हणजे सातारा जिल्ह्यात जवळपास सगळ्यांनीच.

गेले पंधरा दिवस माजी सैनिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर तिरंगा, खाली बंदूक घेतलेला जवान, आणि मजकूर असा की आजी-माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांना गाण्यांच्या अ‍ॅपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन अर्ध्या किमतीत. खाली लिंक. लिंकवर नाव, मोबाईल नंबर, डिस्चार्ज बुकच्या पहिल्या पानाचा फोटो आणि पीपीओ नंबर मागितलाय. आमचं तालुक्याच्या गावात ई-सेवा केंद्र आहे. हयातीचा दाखला, स्पर्शचं लॉगिन, ईसीएचएसचे फॉर्म, सगळं आमच्याकडेच येतं. त्यामुळे हा मेसेज घेऊन आत्तापर्यंत सात-आठ जण आले. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो.

आधी सरळ उत्तर. स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावन यांचे भारतातले प्लॅन मी एकेक करून पाहिले. एकटा, कुटुंब, विद्यार्थी असे प्लॅन दिसतात. 'सैनिक' नावाचा प्लॅन कुठं दिसला नाही. तेव्हा जो मेसेज तुमच्याकडं डिस्चार्ज बुक मागतोय, तो गाणी ऐकवायला मागत नाहीये.

आता काही जण म्हणतील, एवढं काय गाण्यांचं? दीडदोनशे रुपयांचा प्रश्न. पेन्शन मिळते की.

प्रश्न दीडदोनशेचा नाही. फौजी आणि गाणं हे नातं ज्यांनी घरात बघितलंय त्यांना ते कळेल. विविध भारती 3 ऑक्टोबर 1957 ला सुरू झाली, आणि तिचा 'जयमाला' हा फौजी भावांच्या फर्माइशींचा कार्यक्रम पिढ्यान् पिढ्या ऐकला गेला. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते सांगायचे, चौकीवर एक ट्रान्झिस्टर आणि त्याच्याभोवती दहा माणसं. कोण गढवालचा, कोण तामिळनाडूचा, कोण आपल्या खटावचा. गाणं कुणाच्या फर्माइशीचं लागलं ह्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत चर्चा. इकडं गावात आई तोच कार्यक्रम लावून बसायची. पत्र पोचायला पंधरा दिवस लागायचे, पण गाणं एकाच वेळी दोन्हीकडं पोचायचं. आणि फुकट पोचायचं. रेडिओच्या जवळ बसलेल्या माणसाला कुणी ओळखपत्र विचारलं नाही.

आजचा जवान मोबाईलवर ऐकतो. पण तो जिथं असतो तिथं रेंज कधी असते, कधी नसते. त्यामुळं त्याला गाणी आधी उतरवून ठेवावी लागतात, आणि उतरवून ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी पैसे भरल्यावरच मिळते. तुम्ही-आम्ही जाहिराती सहन करून फुकटात ऐकू शकतो. ज्याला दिवसचे दिवस नेटच नाही, त्याला तो फुकटचा प्लॅन काय कामाचा? म्हणून सवलतीची गरज खरी आहे. ज्यांनी हा खोटा मेसेज बनवला त्यांना ही गरज पक्की माहीत आहे.

मग ही सवलतीची गोष्ट आली कुठून? ती पूर्ण बनावट नाही, म्हणूनच लोक फसतात. अमेरिकेत अशा सवलती खरोखर आहेत. पँडोरा नावाची गाण्यांची सेवा तिकडच्या आजी-माजी सैनिकांना कमी दराचा वेगळा प्लॅन देते. तिथं फौजी असल्याची खात्री कंपनी स्वतः करत बसत नाही. आयडी डॉट मी, शीरआयडी अशा कंपन्या मध्ये असतात. त्या पडताळणी करतात आणि दुकानदाराला कळवतात की हा माणूस सैनिक आहे. गुगलवर 'सैनिकांना म्युझिक अ‍ॅप सवलत' शोधलं की ह्याच अमेरिकन याद्या वर येतात. आता तर भाषांतर होऊन मराठीतही दिसतात. पण पँडोरा भारतात चालतच नाही. म्हणजे यादी खरी, सवलत खरी, आणि आपल्या आबांना उपयोग शून्य. त्या खऱ्या यादीचा स्क्रीनशॉट घ्यायचा, खाली आपली लिंक चिकटवायची, एवढंच भामट्याचं काम.

आपल्याकडं का नाही? कंपन्यांना परवडत नाही असं म्हणाल तर ते पटत नाही. विद्यार्थ्यांना त्या स्वस्तात देतातच. स्पॉटिफाय, यूट्यूब प्रीमियम, अ‍ॅपल म्युझिक, तिघांचेही विद्यार्थी प्लॅन भारतात आहेत. विद्यार्थी खरा आहे का हे तपासायला शीरआयडी, युनिडेज अशा कंपन्या नेमल्यात. कॉलेजचा पोरगा उद्या नोकरीला लागेल आणि पूर्ण पैसे भरेल, असा त्यातला सरळ हिशोब आहे. तो धंदा आहे, त्यात वाईट काही नाही. फौजीच्या बाबतीत असा हिशोब कुणी मांडला नाही, म्हणून त्याच्यासाठी पडताळणीची व्यवस्थाही उभी राहिली नाही.

बाकीच्या ठिकाणी मात्र सवलत चालते. का चालते ते बघा. कँटीनमध्ये साबणापासून फ्रीजपर्यंत स्वस्त मिळतं, कारण तिथं घाऊक खरेदी आहे आणि सीएसडीला भरलेल्या जीएसटीतली निम्मी रक्कम सरकारकडून परत मिळते. शिवाय दारात कार्ड बघूनच आत सोडतात. विमान कंपन्या फौजींना सवलतीचं तिकीट देतात, तिथंही विमानतळावर माणूस ओळखपत्र हातात घेऊन बघतो. म्हणजे सवलतीला दोन गोष्टी लागतात, पैशाचा भार उचलणारा कुणीतरी आणि कार्ड बघणारा कुणीतरी. गाण्यांचं अ‍ॅप कँटीनच्या फळीवर येत नाही, आणि मोबाईलच्या पलीकडं कार्ड बघायला माणूस नाही. सबस्क्रिप्शनवर 18 टक्के जीएसटी मात्र फौजीही भरतो.

त्यातून कुटुंबाचा प्लॅन घ्यावा म्हटलं तर तिथं वेगळीच गंमत. यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनची अट अशी की सगळे सदस्य एकाच पत्त्यावर राहणारे हवेत. इतर ठिकाणीही साधारण असंच. आता मला सांगा, नवरा लडाखला, बायको-पोरं कोरेगावला, थोरला मुलगा पुण्यात होस्टेलला. यांचं एक कुटुंब नाही? रेशनकार्डावर आहे, ईसीएचएसच्या यादीत आहे, आईच्या देवपूजेत रोज आहे. फक्त अ‍ॅपच्या नियमात नाही! कंपनीनं हा नियम फौजीला डोळ्यासमोर ठेवून केला नाही हे मान्य. चार मित्र मिळून एक प्लॅन वापरतात, ते रोखायला केला. पण ज्याची नोकरीच घरापासून लांब राहण्याची आहे, त्याला तो बरोबर लागतो. अर्ध्या किमतीच्या सवलतीपेक्षा ह्या एका अटीतून फौजीला सूट दिली तरी जास्त उपयोग होईल, असं माझं मत आहे. त्याला कंपनीचा फार खर्चही नाही.

आता धोक्याचं. हे नीट वाचा.

मागच्या आठवड्यात आमच्याकडं एक निवृत्त नाईक आले. त्यांनी अशाच एका लिंकवर 'पडताळणीसाठी फक्त 1 रुपया' म्हणून यूपीआय पिन टाकला होता. खात्यातून एकच रुपया गेला, म्हणून ते निश्चिंत. म्हणलं, काका, जरा मोबाईल दाखवा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडलं तर तिथं महिन्याला 1,499 रुपयांची मंजुरी बसलेली. पेन्शन जमा झाली की दुसऱ्या दिवशी कापायची तारीख. जागेवर रद्द केली. काका बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आमच्या पोरांना सांगू नको."

त्यांचं हे वाक्य मला जास्त लागलं. आपल्या वडीलधाऱ्यांना फसण्यापेक्षा फसलो हे घरात कळण्याची भीती जास्त वाटते. पोरांनो, सुनांनो, घरात कुणाचे पैसे गेले तर पहिल्यांदा ओरडू नका. ओरडलात की पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत.

ऑटोपेला एकदा पिन देऊन मंजुरी दिली की पुढच्या हप्त्यांना पिन लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याआधी 24 तास सूचना यायला पाहिजे, पण 15,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्याला साधारणपणे पुन्हा ओटीपी विचारत नाहीत. आणि ती सूचना इंग्रजी मेसेजांच्या ढिगाऱ्यात कोण वाचतो?

पैसे गेले तर एकवेळ भरून येतील. कागदांचं तसं नाही. डिस्चार्ज बुकमध्ये तुमचा सर्व्हिस नंबर, जन्मतारीख, घरच्यांची नावं, सगळा संसार लिहिलेला असतो. पीपीओ नंबर म्हणजे पेन्शनची किल्ली. एवढं हातात असलं की उद्या फोन येतो, "साहेब, पेन्शन ऑफिसमधून बोलतोय, तुमचं जीवन प्रमाण अडकलंय." आणि समोरचा तुमचा नंबर, रँक, पत्नीचं नाव बरोबर सांगतो. मग कोण अविश्वास दाखवेल? सेवेतल्या जवानाचं ओळखपत्र तर याहून नाजूक. 2020 साली सैन्यानं जवानांना मोबाईलमधून 89 अ‍ॅप काढून टाकायला सांगितली होती, ती उगीच नाही. गाण्याच्या सवलतीसाठी त्या ओळखपत्राचा फोटो अनोळखी ठिकाणी टाकणं म्हणजे स्वतःबरोबर युनिटचीही माहिती उघडी करणं.

मग करायचं काय? माझ्या अनुभवातून सांगतो.

एक. आधी आपला मोबाईल रिचार्ज बघा. बऱ्याच रिचार्जमध्ये आणि पोस्टपेड प्लॅनमध्ये कुठलं ना कुठलं गाण्यांचं अ‍ॅप आधीच दिलेलं असतं, लोकांना माहीत नसतं. कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बघा, मेसेजमधल्या लिंकवरून नको.

दोन. मुलगा-मुलगी कॉलेजात असेल तर विद्यार्थी प्लॅन त्यांच्या नावावर रीतसर मिळतो. फौजीच्या घरात आज खात्रीनं मिळणारी सवलत ही एवढीच.

तीन. स्वस्त पडतं म्हणून एकदम वर्षाचे पैसे भरताना विचार करा. रेसो 31 जानेवारी 2024 ला भारतात बंद झालं. त्याच वर्षी विंकनं दुकान आवरलं. आपण जमवलेली गाण्यांची यादी अ‍ॅपबरोबर जाते.

चार. जुन्या माणसांना खरंच अ‍ॅप लागतं का ते विचारा. आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅप फुकट आहे, त्यावर विविध भारती लागते. प्रसार भारतीनं नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात 'वेव्हज' सुरू केलं, त्यावरही रेडिओ आहे. आणि जिथं रेंजच नाही तिथं गाणी भरून येणारा कारवांसारखा रेडिओ बरा. एकदाच पैसे, नंतर महिन्याचा हप्ता नाही.

पाच. लिंकवर काही भरलं असेल तर आजच यूपीआय अ‍ॅपमधलं ऑटोपे उघडून बघा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे मध्येच अडवण्याची शक्यता जास्त. शंका असेल तर साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं विचारा. सैनिकांसाठीची कुठलीही सवलत खरी की खोटी, हे विचारायला तिथं जाण्यात कमीपणा नाही.

शेवटी एक मागणी. आपल्या भागातल्या माजी सैनिक संघटना जागा, घरपट्टी, टोल यासाठी निवेदनं देतात. पुढच्या निवेदनात आणखी दोन ओळी घाला. पहिली, सरकारनं डिजिलॉकरसारख्या ठिकाणाहून अशी पडताळणी द्यावी की समोरच्या कंपनीला फक्त 'हा माणूस सैनिक आहे' एवढंच कळेल. नंबर नाही, रँक नाही, युनिट नाही, कागदाचा फोटो नाही. तशी सोय झाली तर गाण्यांचं अ‍ॅपच काय, पुस्तकं, शिकवण्या, प्रवास सगळीकडं सवलत देणं सोपं होईल, आणि डिस्चार्ज बुक मागणारा माणूस चोर आहे हे आपोआप ओळखता येईल. दुसरी, 15 ऑगस्टला जवानांना सलाम करणाऱ्या जाहिराती ज्या कंपन्या करतात, त्यांनी कुटुंबाच्या प्लॅनमधली एका पत्त्याची अट फौजीपुरती तरी काढावी. सलामाला पैसे पडत नाहीत. ही अट काढायलाही फार पडणार नाहीत.

तोवर तो मेसेज आला तर पुढं ढकलू नका. त्याच्या खाली ही पोस्ट टाका. शेअर करायला, कॉपी करायला मला विचारायची गरज नाही. ज्यांना मोबाईलमधलं ऑटोपे बघता येत नाही त्यांनी केंद्रावर या. त्याचे पैसे घेत नाही. येताना डिस्चार्ज बुक आणू नका, मोबाईल पुरे.