दुसरा इको

2024 च्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आम्ही भालकीजवळच्या आमच्या शेतात होतो. कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी-आंबील झालं आणि आप्पा घामानं निथळू लागले. आंबील बाधलं असेल म्हणून आम्ही त्यांना ओवा चावायला दिला, त्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास मला अजून सलतो. मग हुमनाबादमार्गे कलबुर्गीचं जयदेव हृदयरोग रुग्णालय गाठलं. तिथली 371 खाटांची नवी इमारत त्याच महिन्यात सुरू झाली होती. हृदयविकाराचा झटका होता. रात्रीतच स्टेंट बसला.

तिसऱ्या दिवशी टू-डी इको झाला. आप्पांना डाव्या कुशीवर निजवून छातीला जेली लावली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. हृदयाची समोरची भिंत जवळजवळ हलत नव्हती. टोकाशी रक्ताची गुठळी झाली आहे का, तेही त्यांनी निरखून पाहिलं. ती नव्हती. ईएफ मात्र 32 निघाला.

डावा कप्पा आपल्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात पुढं ढकलतो, ते ईएफ सांगतो. निरोगी माणसात तो साधारण 55 ते 70 असतो. 35 किंवा त्याखालीच राहिला, तर ठोके अचानक बिघडून जीव जाण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णाला छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचा विचार करतात.

"मग आजच बसवा," मी म्हणालो.

डॉक्टर कन्नडात समजावत होते, मी आप्पांना मराठीत सांगत होतो. झटक्यानं काही स्नायू मेलेला असतो, काही नुसता बधिर झालेला असतो. बधिर स्नायू औषधांनी, विश्रांतीनं सावरू शकतो. म्हणून निदान 40 दिवस थांबायचं, आणि स्टेंट बसला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं.

तीन महिने भरले तेव्हा, पाडव्याच्या तोंडावर, ज्वारीची रास सुरू होती. आप्पा शेतापर्यंत चालत जात होते. "आता कुठं दुखलालंय?" ते म्हणाले. मीही दोन दिवस चालढकल केली. शेवटी आईनंच फाईल पिशवीत घालून दारात ठेवली.

दुसऱ्या इकोत भिंत हलताना दिसली. ईएफ 46. यंत्राची गरज उरली नाही, गोळ्या मात्र चालूच राहिल्या. पण तो 30 निघाला असता, तरी आप्पा त्या दिवशी तसेच चालत शेतात गेले असते, हे मला विसरता येत नाही.

आता गल्लीत कुणी स्टेंट बसवून आलं की मी आधी तब्येत विचारतो. मग फाईल मागून दुसऱ्या इकोची तारीख बघतो.