यशवंतसागरातली चिलापी

माढ्याहून पहाटे निघालो. माढेश्वरीला बाहेरूनच हात जोडले आणि कुर्डुवाडीमार्गे टेंभुर्णी गाठली. वाटेत दुतर्फा ऊस. हा ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, ते उजनीचं पाणी भीमानगरला भिंतीआड दिसलं. १९८० साली हे धरण पूर्ण झालं. भीमेचा यशवंतसागर झाला, सुमारे ११७ टीएमसीचा.

फुगवट्याच्या काठावर एक होडी लागत होती. क्रेटमध्ये करड्या, काटेरी पाठीच्या माशांची रास. चिलापी. होडीवाले काका जाळं झटकत म्हणाले, "रोज हेच घावतंय. खडस बगून लई वरसं झाली."

चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. भारतात ती १९५२ साली आणली गेली. अवघ्या दोन-तीन महिन्यांत ती विणीला येते, वर्षातून अनेकदा विते. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्लंही काही दिवस तिथंच आसरा घेतात. मग पिल्लं जगणार नाहीत तर काय! पुण्या-पिंपरीकडून येणारं सांडपाणीही तिला सोसतं. खडस, कोळस या इथल्या माशांचं तसं नाही. त्यांना वाहतं, स्वच्छ पाणी हवं आणि त्यांची वीण पावसाळ्यावर अवलंबून. धरणानं वाहतं पाणी थोपवलं, बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लं उपसली आणि उरलेल्या खाण्यात-जागेत चिलापी वाटेकरी झाली. सगळा दोष एकट्या चिलापीच्या माथी मारणं मला पटत नाही. पण मोकळं झालेलं घर तिनं बळकावलं, हे खरं.

रोहू, कटला, मृगळ हेही इथले नव्हेत. गंगेच्या खोऱ्यातून आणून त्यांचं बीज जलाशयांत सोडलं जातं. त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटतात, म्हणून त्यांना कुणी परके म्हणत नाही.

काकांनी होडीच्या तळातून आणखी एक मासा उचलला. अंगावर चिलखतासारखे खवले, तोंड खालच्या बाजूला. सकर. दक्षिण अमेरिकेतला हा मासा काचेच्या टाकीत शोभेला ठेवतात. टाकी नकोशी झाली की कुणीतरी तो नदीत सोडतो. त्याच्या काट्यांनी जाळं फाटतं आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आफ्रिकी मांगूर तर आणखी खादाड. केंद्र सरकारनं २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातोच.

काठावर बसून मला कर्नल साइक्स आठवत राहिला. १८३९ साली त्यानं दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली, तेव्हा नावं इथल्याच लोकांच्या तोंडची उचलली: खुद्री, कोलस, रोहटी. त्यातली खुद्री पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेली. तीच नदी पुढं भीमेला मिळते नि पाणी इथं येतं. आज जगभरच्या ग्रंथांत ही मराठी नावं शाबूत आहेत.

मी ती एकेक करून काकांना विचारली. कोळस त्यांना ठाऊक होता. रोहटी म्हटल्यावर ते थांबले आणि जाळं गुंडाळत असलेल्या मुलाकडे वळून म्हणाले, "आज्याला इचार, त्येला म्हाईत आसंल."