पेपरात तर प्रेमच लिहिलेलं असतं

गेल्या आठवड्यात तालुक्यातल्या एका शाळेतून बोलावणं आलं. विषय : मुलींची सुरक्षितता. पत्रकार म्हणून दोन शब्द बोला, म्हणाले. गेलो तर हॉलमध्ये नववी-दहावीच्या फक्त मुली. मुलं मैदानावर क्रिकेट खेळत होती. मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, ज्यांना सांगायला हवं ते तर बाहेर आहेत." त्यांनी थोडा विचार केला आणि मुलांनाही आत बोलावलं.

भाषण बाजूला ठेवलं. सगळ्यांना कोरे कागद वाटले. नाव न घालता जे विचारायचं ते लिहा, असं सांगितलं.

एका मुलाची चिठ्ठी होती : "तिने ब्लॉक केलं आणि मित्राच्या नंबरवरून मेसेज केला तर चालतं का?" पोरं फिदीफिदी हसली. मुली हसल्या नाहीत.

नाही चालत बाबा. मुलीने स्पष्ट नको म्हटल्यावरही वारंवार मागे जाणं, फोन-मेसेज करत राहणं, ती मोबाईलवर काय करते यावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. २०१३ साली तो कायद्यात आला. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत.

तेवढ्यात मागून एक जण उभा राहिला. "पण सर, पेपरात तर प्रेमच लिहिलेलं असतं. एकतर्फी प्रेम."

खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. वीस वर्षांत 'एकतर्फी प्रेमातून' हा मथळा मी स्वतः किती वेळा दिला असेल, मोजलेलं नाही. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून एका मुलीला जाळलं. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला भर रस्त्यात एका प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवलं. मध्ये तीस वर्षं गेली, पण बातमीतला शब्द काही बदलला नाही. पाठलागाला आपण प्रेम म्हणत राहिलो आणि पोरं तेच वाचत मोठी झाली. वर सिनेमे आहेतच. हिरो मागे लागतो, हिरॉईन चिडते आणि मध्यंतरापर्यंत पटते.

मुलींच्या चिठ्ठ्या उघडल्या. पाच-सहा जणींनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती : घरी सांगितलं तर शाळा बंद होईल.

हे खोटं नाही. आपल्याकडे मुलीने तक्रार केली की पहिला प्रश्न येतो, "तू काय केलंस?" मग मोबाईल काढून घ्या, मामाकडे पाठवा, नाहीतर स्थळ बघा. म्हणून ती गप्प बसते. ती गप्प बसली की त्या पोराला वाटतं, हिची ना नाही. प्रकरण पोलीस ठाण्यात आणि मग आमच्याकडे येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आपल्या मुलींना आपण जपून राहायला शिकवलं. मुलांना 'नको' ऐकायला कुणी शिकवलं? नकाराने कमीपणा येत नाही, दोन दिवस वाईट वाटतं आणि मग आपण पुढे जायचं, एवढं तरी बापाने मुलाशी बसून बोलावं. आणि मुलीला आजच, काही घडायच्या आधी सांगावं : "काहीही झालं तरी तुझी शाळा बंद होणार नाही."

शाळांत सखी सावित्री समिती नेमण्याचा शासनाचा आदेश २०२२ पासून आहे. तुमच्या शाळेत ती आहे का, कधी बसली, हे पुढच्या पालक सभेत विचारा. मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर वर्गात लिहून ठेवायला सांगा.

माझ्यापुरतं ठरवलंय. यापुढे माझ्या बातमीत 'एकतर्फी प्रेम' हा शब्द येणार नाही. पाठलाग असेल तर पाठलाग लिहीन, खून असेल तर खून. कुठे चुकलो तर इथेच कान धरा.