चिंचवडहून चाकणपर्यंत

आमचे चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यांत रात्रपाळीस असतात. एका रात्रीं घरीं सौभाग्यवतींना धाप लागली, तेव्हां त्यांना केलेला एकही फोन लागला नाहीं. म्हणून वर्षाचें रिचार्ज करण्यापूर्वीं परीक्षा घेण्याचें ठरविलें. क्रमांक न बदलतां कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. पण बदलल्यावर निदान ९० दिवस तेथेंच राहावें लागतें. यास्तव दुसऱ्या कंपनीचें निराळें सिमकार्ड लहानशा रिचार्जसह घेतलें, दोन्हीं एकाच फोनांत घातलीं, आणि वही घेऊन निघालों.

मोरया गोसावींच्या समाधीपाशीं, पवनेकांठीं, ट्रायच्या मोफत ‘मायस्पीड’ अ‍ॅपनें पहिलें माप घेतलें; जुनें कार्ड वेगांत सरस ठरलें. पुढें चाकणची बस धरली. भोसरी, मोशी, इंद्रायणीपलीकडे कुरुळी, सर्वत्र तोच निकाल!

चाकणास संग्रामदुर्ग पाहिला. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यांनीं तो शाएस्तेखानाविरुद्ध सुमारें दोन महिने लढविला. आज तेथील कारखान्यांचे पत्रे रेडिओलहरींना अडवितात. आंत मला प्रवेश नव्हता. म्हणून फोन चिरंजीवांच्या हातीं दिला व आठवडाभर घरून रोज मध्यरात्रीं दोन्हीं क्रमांक फिरविले. वेगवान कार्ड यंत्रांजवळ मुकें राहिलें. मंद कार्डाची घंटा मात्र प्रत्येक रात्रीं वाजली.

आम्हीं मंद कार्डच ठेविलें. वाचकांनींही परीक्षा रस्त्यावर न घेतां, जेथें व ज्या वेळीं गरज पडेल तेथेंच घ्यावी. सौभाग्यवती आतां एकवार घंटा ऐकून निश्चिंत निजतात.