गोलांत उभा असलेला माणूस

गेल्या रविवारीं सायंकाळीं माझा बारा वर्षांचा भाचा मैदानावरून घरीं आला, तो थेट माझ्या खुर्चीपाशीं येऊन उभा राहिला. गुडघे खरचटलेले, डोळे लाल. पलीकडच्या गल्लींत मागांची खडखड चालूं होती. आमच्या भिवंडींत ती थांबली तरच माणूस दचकतो. त्या आवाजांतच तो म्हणाला, "मामा, उद्यांपासून मी गोलांत उभा राहणार नाहीं. सात वेळां मीं चेंडू अडवला, तें कोणींच मोजलें नाहीं. एकदां सुटला, तर सगळे माझ्यावर ओरडले."

पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहें. शोकान्तिकेची व्याख्या मला तोंडपाठ आहे. पण त्या पोराच्या तक्रारीवर उत्तर कांहीं सुचेना.

मग मला माझ्या वडिलांचे बाबू नारायण आठवले. तरुणपणीं वडील कल्याणहून आगगाडीनें मुंबईस कुपरेजवरचे सामने पाहावयास जात. पुढें आम्हां मुलांना त्या गोष्टी सांगतांना गोल कोणीं केले याचें त्यांना विशेष कौतुक नसे. ते कोणीं वांचवले, हें मात्र ते हातवारे करून दाखवीत. एस. एस. नारायण हें त्यांचें दैवत. जन्म १९३४ सालचा, मूळ केरळचें; पण हा गडी वाढला आणि नांवारूपास आला तो मुंबईंत. कॅल्टेक्स, टाटा अशा संघांचें गोल त्यांनीं राखलें. १९५६ चें मेलबर्न आणि १९६० चें रोम, अशा दोन्ही ऑलिंपिकच्या भारतीय चमूंत ते होते. १९६३-६४ सालीं महाराष्ट्रानें संतोष करंडक जिंकला, त्या संघांतही ते होते.

मेलबर्नला भारत चौथा आला. एवढी मजल ऑलिंपिक फुटबॉलमध्यें आपण त्यापूर्वीं मारली नव्हती आणि त्यानंतरही मारलेली नाहीं. ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असें हरवलें. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे. पुढें युगोस्लाव्हियाकडून १-४ आणि बल्गेरियाकडून ०-३ अशी हार झाली. डिसूझाचे तीन गोल आजही सांगितले जातात. गोलरक्षकाचें नांव मात्र कोणी विचारीत नाहीं. शिवाय त्या चमूंत उंचापुरा पीटर थंगराजही होता. दहा जागांसाठीं कितीही गडी झगडोत, गोलाची जागा एकच. दोघांपैकीं एकानें खेळावयाचें आणि दुसऱ्यानें तयार राहून वाट पाहावयाची! त्याच स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकणाऱ्या रशियन संघाचें गोल याशिन राखीत होता. जगाला गोलरक्षकाचें नांव आठवतें, तें असें शतकांतून एखाददुसरें.

हें सारें मीं भाच्याला सांगितलें. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"ते कोठें असतात आतां?" त्यानें विचारलें.

"ते गेले. ५ ऑगस्ट २०२१ ला, ठाण्यांत. वय ८६ होतें."

"ठाण्यांत?" तो आश्चर्यानें म्हणाला. "म्हणजे येथें खाडीपलीकडे? मग तुम्ही त्यांना पाहिलेंत कां नाहीं?"

मी गप्प बसलों. ते ठाण्यांत राहतात हें मला पूर्वींच कळलें होतें. वडील हयात असतांना एकदां मीं त्यांना म्हटलेंही होतें, "चला, एका रविवारीं तुमच्या बाबू नारायणांना भेटून येऊं." वडिलांनीं त्यासाठीं धोतरजोडी धुऊन ठेवली होती. मग परीक्षा आल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले, पावसाळा आला. वडील गेले. कांहीं वर्षांनीं वर्तमानपत्रांत ती चार ओळींची बातमी वाचली. पंधरा-सोळा मैलांच्या आंतलें अंतर, पण माझ्यानें तें तोडवलें नाहीं.

वडिलांनीं त्याबद्दल मला कधीं एक शब्दही विचारला नाहीं. माझ्या हातून सुटलेला चेंडू त्यांनीं मोजला नाहीं.

"उद्यां किती वाजतां खेळतां?" मीं भाच्याला विचारलें.

"पांच वाजतां. पण मी गोलांत उभा राहणार नाहीं."

"बरें, नको राहूंस. पण राहिलासच, तर मी गोलाच्या मागें बसेन आणि तूं किती अडवलेस तें मोजीन."

दुसऱ्या दिवशीं मीं नऊ मोजले.