ऐंशीच्या पुढे

माणसाचे दुखणे आणि मोटारीचे दुखणे यांत एक मोठा फरक आहे. माणूस आपले दुखणे न विचारता सांगतो. मोटार विचारल्यावाचून काही बोलत नाही. आणि तिला विचारावे कसे हे जाणणारी माणसे थोडी. बाकीचे सारे एकदम औषधच सांगतात!

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गाडीला थरथर सुटली. गावात ती अगदी शहाण्यासारखी चाले. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर काटा ऐंशीच्या पुढे गेला, की तिच्या अंगात येई. साठावर आणली की पुन्हा गाय. हे दुखणेच नव्या जमान्याचे म्हणायचे. २००२ साली हा रस्ता पुरा होण्याआधी, जुन्या रस्त्याने लोणावळा गाठताना सलग ऐंशीचा वेग धरायची सोय होती कुणाला?

ही थरथर प्रथम जाणवली ती आमच्या तात्यांना. ते मागे बसतात. वय एक्याऐंशी. "अरे, गाडी हलते आहे," ते म्हणाले. माझ्या हातातले स्टिअरिंग मात्र स्वस्थ होते. आमचे चिरंजीव म्हणाले, "आजोबा, ऐंशीच्या पुढे गेलं की थोडं हलायचंच!" तात्या हसले. पुढच्या खेपेला त्यांनी पाण्याचा अर्धा पेला शेजारी सीटवर धरून दाखवला. साठावर पाणी नुसते डुचमळत होते. ऐंशीला त्याच्यावर बारीक शहारा उठला.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. शेजाऱ्यांच्या मते अलाइनमेंट बिघडली होती. एका गॅरेजने तर सस्पेन्शनच बदलायला काढले आणि कागदावर असा आकडा मांडला, की सौभाग्यवतींनी दिवाळीच्या खरेदीची यादी मुकाट्याने घडी करून ठेवली.

शेवटी गाठ पडली ती एका म्हाताऱ्या मिस्त्रींशी. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. आधी चार प्रश्न विचारले. ऐंशीलाच राहून गिअर बदललात तर थरथर बदलते का? नाही, म्हणजे इंजिन निर्दोष. ब्रेक दाबल्यावरच येते का? नाही, म्हणजे ब्रेकच्या चकत्या ठीक. अॅक्सिलरेटर दाबताना वाढते आणि सोडल्यावर जाते का? तसेही नाही, म्हणजे अॅक्सलचे सांधे सुटले. आणि अलाइनमेंट चुकली तर गाडी एका अंगाला ओढते, टायर वेडेवाकडे झिजतात. अशी थरथर सहसा येत नाही. आता उरली चाके.

"चाक म्हणजे काय चीज आहे, साहेब!" मिस्त्री म्हणाले. खरेच आहे. नव्वदच्या वेगाला लहान मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे तेरा फेरे घेते. त्याच्या रिमवर एका बाजूला तीस ग्रॅम वजन जास्त असले, म्हणजे एखाद्या चकलीएवढे, तर तेवढ्याने चाक चारेक किलोच्या जोराने ओढले जाते. आणि वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. रिमच्या आत वाळलेला चिखलसुद्धा एवढे करू शकतो. वर झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका मिळावा तसे ठरावीक वेगाला चाकाचे धक्के गाडीच्या अंगच्या हेलकाव्याशी जुळतात. म्हणून थरथर ऐंशीच्या आसपास येते, चाळिसाला नाही.

चौथा प्रश्न राहिला होता. "हात हलतात, की बैठक?" हात हलले तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, बैठक हलली तर मागच्या. मी तात्यांकडे पाहिले. "बैठक," तात्या म्हणाले, "आणि डावीकडची जास्त."

मिस्त्रींनी मागचे डावे चाक जॅकवर उचलले आणि टायरजवळ खडू धरून ते हाताने सावकाश फिरवले. एका जागी खडू घासला गेला. त्यांनी आत हात घातला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. टायरच्या आतल्या अंगाला, बाहेरून कधीही दिसला नसता असा, लिंबाएवढा फुगवटा होता. कुठल्याशा खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले होते आणि हवा नुसत्या रबराने थोपवून धरली होती. भाऊबीजेला आम्ही पाच जण, सामानासकट, याच गाडीने पुण्याला जाणार होतो. असा टायर भर वेगात फुटला तर काय होते, हे मिस्त्रींनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

नवा टायर चढला, यंत्रावर चाकाचा तोल साधून झाला, रिमला एक छोटेसे वजन चिकटले. गॅरेजच्या आकड्यापुढे हा खर्च किरकोळच होता. चिरंजीव तो फुगवटा बोटांनी पुनःपुन्हा चाचपून पाहत होते. एरवी फार बोलणारा तो मुलगा गप्प होता.

तात्यांनी टायरकडे पाहिलेच नाही. मिस्त्रींच्या जवळ जाऊन त्यांनी हलक्या आवाजात एवढेच विचारले, "म्हणजे मी नव्हतो ना हलत?"