‘नग’ : एका कोरीव खड्याची साक्ष

काही वर्षांपूर्वी वाटपाच्या एका दाव्यात जंगम मालमत्तेची यादी माझ्यासमोर आली. तीत एक नोंद होती : ‘खड्याची अंगठी, नग १’. धाकट्या भावाच्या म्हणण्याप्रमाणे ती आजोबांची शिक्क्याची अंगठी, म्हणजे वडिलोपार्जित. थोरला म्हणे, ती मी बाजारातून घेतली. खड्यावर आहेत ते नुसते ओरखडे. अखेर सर्वांदेखत तो तांबूस हकीक मऊ लाखेवर दाबला, आणि त्या ओरखड्यांतून आजोबांचे नाव सुलट उमटले. थोरल्याने पुढे वाद घातला नाही.

त्या यादीतला ‘नग’ मात्र माझ्या मनात राहिला. पेटीतले बारा नग आपण मोजतो. विक्षिप्त माणसाला ‘काय नग आहे!’ म्हणतो. संस्कृतातील ‘नग’ म्हणजे न चालणारा, अर्थात पर्वत वा वृक्ष. त्याचा येथे संबंध नाही. रत्न या अर्थाचा ‘नग’ फारसी ‘नगीन’, ‘नगीना’ यांच्या कुळातला. नगीन म्हणजे अंगठीच्या कोंदणातला खडा. पुष्कळदा त्यावर धन्याचे नाव कोरलेले असे. अक्षरे उलटी आणि खोल कोरायची, म्हणजे ठसा सुलट व उठावदार येतो. त्या ठशाचा अधिकार एवढा, की फारसीत ‘जेर-ए-नगीन’, म्हणजे ‘नगिन्याखाली’, याचा अर्थच ‘सत्तेखाली’ असा झाला. ‘मोहोर’ हा शब्दही तिकडचाच. मूळ अर्थ मुद्रा. पुढे सोन्याच्या नाण्यालाही तेच नाव मिळाले. न्यायालयातला ‘मोहोरबंद’ लिफाफा त्याच घरचा. आंब्याचा मोहोर तेवढा निराळा. तो संस्कृत ‘मुकुल’चा वंशज.

एवढ्यावर निकाल देऊन मी मोकळा झालो असतो. पण आमच्या बेळगावच्या सराफ्यात कन्नड गिऱ्हाईकही ‘नग’ म्हणते, आणि त्याचा अर्थ असतो दागिना. तेलुगूतही तसेच. तमिळमध्ये ‘नगै’ म्हणजे दागिना आणि हास्यही. तेथे मूळ कल्पना झळाळीची आहे. म्हणजे या शब्दाच्या दाराशी दोन वारस उभे आहेत, आणि दोघांच्याही हाती पुरावा आहे.

मराठीच्या हक्कासाठी आयुष्यभर भांडलेल्या माझ्यासारख्याला हा धडा आवश्यकच होता. केवळ उच्चार जुळतो म्हणून शब्दाच्या मालकीचा दावा लावू नये. आणि ओळख पटत नाही म्हणून कोरीव अक्षरांना ओरखडेही म्हणू नये. शब्द असो वा खडा, आधी त्याचा ठसा घेऊन पाहावा.

तेव्हापासून यादी करताना मी ‘नग १’ एवढ्यावर थांबत नाही. खड्यावर काय कोरले आहे, तेही लिहून घेतो.